बाटली बदला

पालीच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे. तिथल्या हरिबा कोकऱ्यांची थोरली लेक स्वप्नाली भोरला हॉस्टेलवर राहून बीएस्सी करत होती.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला तिच्यासमोर सरळ साखळीच्या ब्रोमोब्युटेनचं नाव लिहिलेली बाटली आली. त्यातले थेंब काचनळीतल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकायचे आणि ब्रोमीन किती लवकर सुटतो ते बघायचं; सुटलेला ब्रोमीन चांदीशी जुळला की नळी गढूळ होते. सरळ साखळीच्या रेणूत नवा येणारा गट मागून शिरतो आणि पुढच्या ब्रोमीनला हुसकून त्याची जागा घेतो. याला वेळ लागतो, म्हणून नळी बराच वेळ नितळ राहायला हवी होती. स्वप्नालीची नळी थेंब पडताच पिवळट गढूळ झाली. तिनं नळी धुऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच.

बाकीच्यांनी पुस्तकातलं उत्तर उतरवलं. तिनं लिहिलं, ‘लगेच गढूळ. हा रेणू सरळ साखळीचा नसावा.’

बाहेरून आलेले परीक्षक थांबले. “बाटलीवर नाव आहे ना?”

“आहे सर. पण नळीत तसं दिसत नाही.”

“मग काय आहे यात?”

“ब्रोमीन ज्याला चिकटलाय त्या कार्बनला बाकी तिन्ही बाजूंनी कार्बनच असणार. मागून शिरायला वाटच नाही. मग ब्रोमीन आधी आपणहून निघून जातो आणि रिकाम्या जागेवर दुसरा बसतो. म्हणून एवढ्या लवकर.”

“उत्तर बदल. पूर्ण मार्क देतो.”

“न्हाई सर.” घरची बोली तोंडातून निसटली. “दिसलं ते लिवलंय.”

मार्क कापले गेले. निकालानंतर ती विभागप्रमुख बाईंकडे गेली आणि नवी, सीलबंद बाटली उघडून जुनीशी ताडून बघा म्हणाली.

“निकाल आता बदलणार नाही,” बाई म्हणाल्या.

“नका बदलू. बाटली बदला. पुढच्या पोरींना तीच मिळंल.”

ती दारातून हलेना, तेव्हा बाईंनी सील फोडलं. नव्या बाटलीतला माल नितळ राहिला, जुन्यातला क्षणात गढूळला. जुनी बाटली बाईंनी फळीवरून कायमची काढली.

घरी हरिबा म्हणाले, “मार्क गेलं ते गेलंच की. सायेब सांगत व्हते तसं लिवायचं.”

“आबा, बाजारात कुणी सांगितलं म्हणून तुमी शेळीला मेंढी म्हणाल?”

हरिबांनी तंबाखू मळली. “न्हाई म्हणणार.”

आता ती वरवे गावाजवळच्या एका लहान कारखान्यात कच्चा माल तपासते. परवा तिनं एक पिंप नापास केलं. साहेबांनी ‘पास’ लिहिलेला कागद सहीसाठी पुढं सरकवला. तिनं तो तसाच परत सरकवला आणि जेवणाच्या सुट्टीला गेली.