उपरण्याखालचं गणित

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी जन्मात एकच शाळा चांगली म्हटली, आणि ती त्यांनी स्वतःच काढलेली होती. तिला इमारत नव्हती, घंटा नव्हती, सुट्टीचा वार ठरलेला नव्हता. विद्यार्थी तीन, तिन्ही पोटचे. हेडमास्तर, मास्तर, शिपाई ही सगळी पदं दाजींनी एकट्यानं अडवून ठेवलेली. सांगलीच्या हळदीच्या पेठेत त्यांचं अडत दुकान होतं. मी साताऱ्याहून कॉलेजसाठी आलो तो अक्काच्या, म्हणजे याच बहिणीच्या घरी राहिलो. युद्धाचे दिवस होते, रॉकेलपासून साखरेपर्यंत सगळ्याची टंचाई होती, पण त्या घरात शिकवण्याची मात्र लयलूट होती. दाजी जेवताना शिकवत, दाढी करताना शिकवत, बंबात पाणी तापेपर्यंत शिकवत. मी कॉलेजात जाणारा माणूस, पण वाफेनं झाकण का उडतं हे मलाही खांद्यावर टॉवेल टाकून मुलांच्या रांगेत उभं राहून ऐकावं लागे, कारण ऐकून घेतल्याखेरीज गरम पाणी मिळत नसे.

थोरल्या कुसुमला ते रीतसर शाळेत घालायला गेले होते, असं अक्का सांगायची. नवं परकर-पोलकं, नारळ, पेढे, सगळं यथासांग. वर्गाच्या खिडकीतून डोकावले तर मुलं एका सुरात पाढे म्हणत होती आणि मास्तर खुर्चीत घोरत होते. मुलांचा पाढा चुकत होता, मास्तरांचं घोरणं चुकत नव्हतं. दाजी तसेच मागं फिरले, वाटेत मारुतीपुढं नारळ फोडला, पेढे पोरीला खायला दिले आणि घरी येऊन अक्काला म्हणाले, "झोपायचंच असंल, तर त्येवढं आमी घरीबी शिकवू." अक्काला वाटलं, दोन दिवसांनी हे खूळ उतरेल. ते उतरलं नाहीच, उलट मागून आलेले वसंता आणि शकूही त्यात भरती झाले. गंमत अशी की दाजी स्वतः मराठी चौथीपलीकडं गेलेले नव्हते. त्यामुळं पोरांना जो धडा द्यायचा तो ते पहाटे आधी स्वतः गिरवत. कृष्णेच्या घाटावर अंघोळ करून ओल्या धोतरानिशी, डोळे मिटून ते अपूर्णांकाचा भागाकार पुटपुटत उभे राहिले की लोकांना वाटे, मोठं काहीतरी स्तोत्र चाललंय. बायका घागरी सावरून बाजूनं जात. एक म्हातारी तर रोज त्यांच्या पाया पडायची.

कागद महाग झाला तसं दाजींनी दुकानात सांडलेली हळदीची भुकटी परातीत पसरली आणि पोरांना तिच्यावर बोटानं अक्षरं काढायला बसवलं. चूक झाली की परात हलवायची, पुन्हा कोरी. खर्च शून्य. पण तिन्ही पोरं कोपरापर्यंत पिवळी, आणि शुद्धलेखन अवघड असेल त्या दिवशी नाकाडोळ्यांपर्यंत पिवळी. पाव्हणी आलेली एखादी बाई हमखास विचारायची, "लगीन कुणाचं हाय?" अक्का कपाळावर हात मारून घ्यायची आणि पोरांना ओढत मोरीवर न्यायची.

भूगोल पुस्तकातून शिकवायचा नाही, माणसांकडून शिकवायचा, हा त्यांचा दुसरा हट्ट. पेठेत बाहेरगावचा माणूस दिसला की दाजी त्याला जेवायला घरी आणत आणि पोरांपुढं बसवत. एकदा माणातला एक मेंढपाळ आणला. ताटावर बसवून त्याला म्हणाले, दुष्काळ समजावून सांग. तो बिचारा अवघडून गेला. "आवं, पाऊस पडत न्हाई, येवढंच हाय. त्यात शिकवायचं काय?" मग शकूनं विचारलं, पाऊस पडत नाही तर मेंढरं काय खातात. त्या एका प्रश्नावर तो दिवेलागणीपर्यंत बोलत राहिला. कुठल्या महिन्यात कुठला घाट उतरायचा, कुठल्या गावची माणसं पाणी देतात आणि कुठली कुत्री सोडतात, सगळं. मलाही तो भूगोल अजून पाठ आहे. इतिहासात मात्र दाजी सरळसरळ पक्षपाती. आपली माणसं जिंकत असली की आवाज पेठेपर्यंत जाई. पानिपत जवळ आलं की त्यांच्या पोटात दुखायला लागे आणि शाळेला सुट्टी मिळे. सुट्टी संपली की धडा थेट पुढच्या पिढीवर. पानिपतावर काय झालं हे कुसुमला शेवटी मी सांगितलं, तेव्हा ती रडली आणि दाजी माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

शास्त्र शिकवायला ते पोरांना हळदीच्या पेवांवर नेत. जमिनीखालच्या त्या खोल कोठारात माणूस उतरण्याआधी दिवा सोडून बघतात. दिवा विझला की आत हवा वाईट आहे असं समजायचं. दाजींनी पोरांना जवळ घेऊन तो विझताना दाखवला आणि म्हणाले, "दिवा इझला म्हंजी मानूसबी इझंल. तवा आधी दिवा, मागनं आपण." पोरांच्या मनावर याचा इतका परिणाम झाला की पुढं कित्येक दिवस वसंता रांजणात, कणगीत, पाटाखाली, जिथं अंधार दिसेल तिथं दिवा सोडून बघत होता. अक्काच्या लोणच्याच्या बरणीत पणती बुडाली तेव्हा शास्त्राचा तास काही काळ बंद ठेवावा लागला.

पण त्यांचा खरा विषय गणित, आणि त्याची रीत साऱ्या मुलखात एकट्या त्यांचीच. हळदीच्या सौद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. व्यापारी आणि अडत्या उपरण्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. दाजींनी तेच घरात आणलं. तीन पोरांना एकदम गणित घालायचं आणि उत्तर एकेकानं उपरण्याखाली त्यांच्या बोटांवर द्यायचं, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा सांगणार नाही. मोठ्यानं उत्तर दिलं की ते चूक धरायचं, बरोबर असलं तरी. पोरं या कामात इतकी तरबेज झाली की मी कागदावर आकडे मांडेपर्यंत कुसुमचं उत्तर देऊन झालेलं असे आणि ती वेणीचं टोक चावत माझ्याकडं दयेनं बघत असे.

वर्षाअखेर परीक्षा होई. दाजी कोट चढवत, डोक्याला रुमाल बांधत, मागच्या दारानं बाहेर पडून पुढच्या दारानं येत आणि घसा खाकरून विचारत, "या शाळेचे हेडमास्तर कुठं आहेत?" अक्कानं पदर घेऊन सांगायचं, ते पेठेत गेलेत, बसा, चहा टाकते. मग हे इन्स्पेक्टर साहेब स्वतःच्याच घरात परक्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसून चहा पीत आणि जाताना अक्काला हात जोडून म्हणत, "बाई, मुलं हुशार आहेत. पण हेडमास्तर जरा तापट दिसतात." ते दारातून बाहेर पडले की अक्का हसून हसून चुलीपाशी बसून घेत असे. वर्षभर ती या शाळेला नावं ठेवी, पण त्या दिवशी चहाबरोबर शिरा करायचं तिनं एकही साल चुकवलं नाही.

साताऱ्याहून आमची आई आली की मात्र तोंड सोडायची. पोर तेरा वर्षांची झाली, शाळेत नाही, लग्नाचं बघत नाही, हिचं करायचं काय. दाजी हसून विषय पेवात टाकत. पण खुद्द कुसुम काय करते हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. हायस्कूलच्या मुली घरावरून जायच्या वेळेला ती खिडकीत येऊन उभी राहायची आणि त्या वळणापलीकडं जाईपर्यंत हलायची नाही. एके दिवशी जेवताना तिनं खाली मान घालून सांगितलं, "आबा, मला त्यांच्यात जायचंय." दाजींचा घास हातातच राहिला. दुपारी शाळा भरली नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, पुढचं पुस्तक इंग्रजीचं आहे, तिथं आपलं गाडं अडलं. मी लगेच म्हणालो, इंग्रजी मी घरी शिकवतो, त्यात काय. दाजी म्हणाले, "पावणं, इंग्रजी तुमी शिकवाल. पर मैतरणी कुठनं आणाल?"

हायस्कूलच्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं की मुलगी घरी शिकलेली, तेव्हा तोंडी परीक्षा घेऊन मगच प्रवेश देऊ. कुसुमला घेऊन मी आत गेलो, दाजी व्हरांड्यात थांबले. वाचन झकास झालं, दुष्काळावर तर ती अशी बोलली की बाई चष्मा काढून ऐकत राहिल्या. मग त्यांनी गणित घातलं. कुसुम उठली, टेबलापाशी गेली आणि टेबलावरच्या चादरीखाली हात घालून शांतपणे उभी राहिली. बाईंना काही कळेना. काही हरवलंय का, त्यांनी विचारलं. मी घाईघाईनं पेठेची रीत समजावली, पण त्यानं बाईंच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली. इथं उत्तर तोंडानं द्यायचं, त्या म्हणाल्या. कुसुमनं तोंड उघडलं आणि मिटलं. कोपऱ्यात शाळेचा कारकून बसला होता. त्याच्याकडं बघत ती पुटपुटली, "ते ऐकतायत." बाईंनी दुसरं गणित घातलं, तिसरं घातलं. पोरीचा हात चादरीखाली आणि डोळ्यांत पाणी. बाई वाईट वाटून पण ठामपणे म्हणाल्या, वर्गात चाळीस मुली असतात, हिचं तिथं कसं व्हायचं. घरीच ठेवा झालं.

तेवढ्यात दाजी आत आले. पायताण बाहेर काढून, रुमाल हातात घेऊन. पेठेत कुणापुढं मान न वाकवणारा तो माणूस त्या टेबलापुढं वाकून उभा राहिला.

"बाईसाहेब, चूक माझी हाय, पोरीची न्हाई. माझ्यापाशी हुतं त्येवढं समदं तिला दिलंय. चारचौघांत बोलायचं मला घरात शिकवता येत न्हाई. घरात चारचौघं कुठनं आणू? त्येवढ्यासाठीच तुमच्याकडं आणलीया."

कुसुमनं वाकलेल्या बापाकडं पाहिलं, चादरीखालचा हात बाहेर काढला आणि तिन्ही गणितांची तिन्ही उत्तरं एका दमात, लिलाव पुकारावा तशी ओरडून सांगितली. कारकुनाच्या हातची लेखणी खाली पडली. बाईंनी ताळा केला आणि हसू आवरत म्हणाल्या, इतकं मोठ्यानं नको, पण जूनमध्ये पाठवा.

धाकटे दोघं पुढच्या वर्षी गेलेच, पण दाजींची शाळा खरी मोडली ती कुसुमच्या पहिल्या दिवशी. दुपारी ते नेहमीसारखे पेठेतून आले, परात मांडली, वसंताला आणि शकूला एक गणित घातलं आणि दोघांनी उत्तरं दिल्यावरही उपरण्याखाली हात तसाच पुढं धरून बसले. मग उठले आणि मला म्हणाले, "शाळा कवा सुटती वो?" मी सांगेपर्यंत त्यांनी पायताण घातलं होतं.

वळणावरच्या लिंबाखाली आम्ही उभे राहिलो. मुली आल्या. मधोमध कुसुम, हात नाचवत काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या हसत होत्या. बोलण्याच्या नादात ती आमच्या अगदी जवळून गेली, तिनं आम्हाला पाहिलंही नाही. मी हाक मारणार, तोच दाजींनी माझा हात दाबला.

"नगा," ते म्हणाले. "बोलू द्या तिला."

मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला आणि त्यांच्यासाठी फार वाईटही वाटलं. मुली पुढं गेल्या. आम्ही दोघं मागून सावकाश घराकडं निघालो, आणि तिचा आवाज ऐकू येत होता तोवर दाजींनी माझा हात काही सोडला नाही.