नव्या सुपांवरचं पाणी

"च्या करतां हां," म्हणून चेअरमनबाई आत गेल्या. भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. मागोमाग कपबश्या वाजल्या. मी सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते, मांडीवर कागदांची फाईल. समोरच्या गॅलरीतून समुद्र दिसत होता.

चेअरमन सभ्य माणूस. निवृत्त, पांढरा सदरा, मऊ आवाज. त्यांच्या सोसायटीतला एक फ्लॅट मी विकत घेणार होते आणि त्याला कमिटीची संमती हवी होती. बँकेने कर्ज मंजूर केल्याचा कागद त्यांनी बघितला, मान हलवली आणि बाजूला ठेवला.

"गांव खंयचो, बाय?"

"पेडण्यांतलोच."

"आनी कुळदेव?"

आमच्या गोव्यात कुणी कुणाला जात विचारत नाही. आम्ही सुधारलेले लोक. आम्ही कुळदेव विचारतो. मी देवाचं नाव सांगितलं. देव अख्ख्या गावाचा तोच, त्यामुळे त्यांना काही उमगेना.

"म्हणजे तुमी थंयचे महाजन?"

महाजन म्हणजे ज्यांच्या हातात देऊळ असतं ती घराणी. आमच्या लोकांना पालखीच्या दिवशी कुठवर यायचं आणि कुठे थांबायचं ते ठरलेलं होतं.

"ना," मी म्हणाले.

"मागीर वाडो खंयचो?"

"म्हारवाडो."

आत वाजणाऱ्या कपबश्या थांबल्या. चेअरमन "बरें, बरें" म्हणाले आणि समुद्राकडे बघत राहिले. मी वाट बघितली. चहा आला नाही. मी उठले तेव्हा उकळलेल्या चहाचा वास घरभर सुटला होता. "कमिटींत दवरतां, मागीर कळयतां," ते म्हणाले. दार लागलं. जिन्यात मला रडू आलं आणि त्या रडण्याचा राग आला.

त्याच बिल्डिंगमधले निम्मे फ्लॅट पर्यटकांना भाड्याने जातात. ओल्या अंगाने, पाय वाळूने भरलेले लोक जिन्यातून वर जातात, पहाटेपर्यंत गाणी लावतात. मी जवळच्या हॉटेलात रिसेप्शनवर आहे, असली माणसं रोज बघते. ओळखपत्र बघते आणि किल्ली देते. कुळदेव विचारायचं अजून सुचलेलं नाही.

मला घर हवं होतं ते आईसाठी. आई आणि मी किनाऱ्याजवळ एका खोलीत भाड्याने राहायचो. किनाऱ्यावरची खोली म्हणजे पावसाळ्यापुरती. पाऊस सरला, सीझन सुरू झाला की मालक म्हणतो, खोली करा रिकामी. तीच खोली मग पर्यटकांना रोजाच्या भाड्याने जाते. दरवर्षी आई स्टोव्ह, भांडी, देवाचा फोटो गाठोड्यात बांधायची आणि आम्ही चुलतभावाच्या पडवीत जायचो. मला एक दार हवं होतं, जे सीझन आला म्हणून आम्हांला बाहेर काढणार नाही. एवढंच.

कमिटीचं उत्तर येईना. फोन केला की "बघतां". पुन्हा केला की "सेक्रेटरी भायर गेला". फ्लॅट विकणारे म्हातारे गृहस्थ चांगले होते. तेही एक दिवस नजर चुकवत म्हणाले, "बाय, म्हाका कांय अडचण ना. पूण तांचेकडेन वैर घेवन हांवें खंय वचप?" कुणी नाही म्हणत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.

मग मुलीच्या लग्नासाठी सुपं हवीत म्हणून चेअरमनबाईंचा फोन आला. आवाज साखरेत घोळलेला.

"बाय, तुजी आवय सुपां करता न्ही? आमगेर चलयेचें लग्न आसा. पांच नवीं सुपां जाय. आनी तुज्या फ्लॅटाचें हांव तांकां सांगतां."

आई बांबूचं काम करायची हे मी त्या घरात बोलले नव्हते. आमच्याकडे सुपं-टोपल्या म्हारवाड्यातच होतात, वाड्याच्या नावावरूनच त्यांनी ते ओळखलं. मला फोन आपटावासा वाटला, पण तोंडातून "हय" निघून गेलं.

आईची बोटं सांधेदुखीने सुजलेली. तिने हे काम कधीच सोडलं होतं. पण निरोप ऐकून ती उठून बसली. "तिणेच फोन केलो न्ही? म्हणजे मन वळला तिचा. आता घर गावतला." चुलतभावाला सांगून बांबू आणवला. कोयत्याने चिरताना बोटातून रक्त आलं, तर चिंधी बांधून पुन्हा बसली. इतकी देखणी सुपं तिने माझ्या बघण्यात कधी केली नव्हती. मी बघत राहिले. तिला काय सांगणार होते?

सुपं घेऊन आम्ही दोघी गेलो. वॉचमनने पार्किंगमध्येच थांबवलं, "मॅडम खाली येतायत." उन्हातून चालत आल्याने आई धापा टाकत होती. बाई आल्या. हातात फ्रीजमधली थंड पाण्याची बाटली.

"कशें गे, बरीं केल्यांत मगो?"

बाटलीचं बूच कडकन मोडलं. आईला वाटलं, पाणी आपल्यासाठी आणलंय. तिने ओंजळ पुढे केली.

बाईंनी पाणी सुपांवर शिंपडलं. एकेका सुपावर, नीट, सगळीकडून. आईची ओंजळ तशीच पुढे. मग तिने हात मागे घेतले आणि कोरडेच लुगड्याला पुसले.

"लग्नाचीं म्हणून," बाई म्हणाल्या. "रीत आसा."

लहानपणी हेच बघितलं होतं. आई अंगणात उभी, पायरीवरून कुणीतरी तांब्यातलं पाणी सुपावर टाकतंय, मगच सूप घरात जातंय. तेव्हा मी विचारलं होतं, पाणी कशाला? आई म्हणाली होती, धूळ असते. मी ते खरं मानलं होतं.

मी सुपं उचलली. पाचही. पाणी माझ्या हातावरून ओघळलं.

"हीं मेळचीं नात," मी म्हणाले. सुपं आता मिळणार नव्हती.

"आनी फ्लॅट?" बाईंनी विचारलं.

"अर्ज आसा तसो आसा. ना म्हणपाचें आसल्यार बरोवन दियात," मी म्हणाले. नकार मला लेखी हवा होता.

बसस्टॉपवर आई म्हणाली, "पाणी सुकता गो. घर परत गावता?"

सीझन आला. खोली गेली. हे मी चुलतभावाच्या पडवीतून लिहिते आहे. सुपं भिंतीला टांगलेली आहेत. आई त्यांच्याकडे बघत नाही आणि माझ्याकडेही फारसं नाही. म्हाताऱ्या गृहस्थांकडे आता दिल्लीची माणसं फ्लॅट बघायला येतात. चेअरमनच्या घरी कमिटीची बैठक असली की मी जाते. कुणी बस म्हणत नाही. उभी राहते आणि एकच विचारते, माझ्या अर्जाचं काय? ते एकमेकांकडे बघतात. मी परत येते. माझं कुणी काही ऐकेल असं मला वाटत नाही, हे खरं सांगते.

तरी अर्ज मागे घेणार नाही. त्यांना नाही म्हणायचं असेल तर कारण लिहावं लागेल. माझ्या वाड्याचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहावं, खाली सही करावी. तो कागद मी सगळ्या सभासदांसमोर मोठ्याने वाचेन.

आणि पुढच्या बैठकीला मी एकटी जाणार नाही. आईला पार्किंगमध्ये उभी करणार नाही. जिना चढवून वर नेणार आहे, आणि त्याच सोफ्यावर, कडेला नाही, मधोमध बसवणार आहे.