सगळ्या वायरी निळ्या

देवानंदभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्यावरच चिडलेली होते. शाळा सुटली होती आणि माझ्या तीनचाकी मोटरसायकलचा इंडिकेटर लावला की हँडलवरचा पंखा फिरत होता. "ताई, बाबा गेले..." त्यांची मुलगी म्हणाली. माझा हात पंखा बंद करायचं बटण शोधत राहिला.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. नोकरी लागल्यावर मी मोटरसायकलला मागे दोन चाकं बसवून घेतली, गिअर हातावर आणला. राजुऱ्याहून शाळेपर्यंत कोणाच्या मागे न बसता जायचं, एवढंच मला त्या गाडीकडून हवं होतं. शेजारच्या देवानंदभाऊंचं तेवढ्यावर भागेना. ते कोळसा खाणीतून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन. हॉर्न बारीक वाजतो म्हणून मी त्यांना बोलावलं, ही माझीच चूक. मग चार्जर आला, पाठीला टेकायला ऑटोच्या सीटची गादी आली, वळताना टीं-टीं करणारा बझर आला. मी चहा टाकायला आत जावं, तर बाहेर येईपर्यंत गाडीला आणखी एक बटण फुटलेलं असायचं. "भाऊ, मले पंखा नाई पाह्यजे." "मे महिन्यात सांगजो, बाई." मे महिन्यात पंखा लागला आणि बॅटरी बसली. ओशाळतील तर भाऊ कसले, ते मोठी बॅटरी घेऊन आले.

सगळ्यात वैताग वायरींचा. एप्रिलमधल्या जयंतीला विहारापासून चौकापर्यंतची रोषणाई तेच करायचे आणि उरलेली निळी वायर वर्षभर माझ्या गाडीत जिरवायचे. लाल नाही, काळी नाही, सगळ्या निळ्या. कोणती कशाची हे दुसऱ्याला कसं कळणार, असं विचारलं की म्हणायचे, "दुसरा कायले पाह्यजे? माह्या डोक्यात हाय ना सगळं." याचा फार राग यायचा, कारण ते खरं होतं. वाटेत गाडी बंद पडली की फोन त्यांनाच. मी कोणावर अवलंबून नाही असं मिरवायची आणि माझी सगळी ये-जा एका म्हाताऱ्याच्या डोक्यात होती.

शेवटचे आले ते दवाखान्यातून सुटी झाल्यावर. माझी निघायची वेळ, आणि हे सीट उघडून बसलेले. धाप लागलेली.

"आता काय लावून राह्यले, भाऊ?"

"अर्धा घंटा दे, बाई."

"आता नवीन काही लावाचं नाई. हात काढा."

त्यांनी सीट मिटलं, कंबर धरून उठले. "बरं, संध्याकाळी करू," म्हणाले. संध्याकाळी मीच टाळलं. चार दिवसांनी तो फोन आला...

ते गेल्यावर दोन आठवड्यांनी गाडी साफ बंद पडली. कुबडी मांडीवर घेऊन मी भाच्याच्या मागे बसून शाळेत जाऊ लागले. तो कधी येईल याची वाट बघत फाटकात उभी राहू लागले. सगळं उपटून नवं टाकायचं ठरवून गाडी टेम्पोतून चंद्रपूरला नेली. मिस्त्रीनं सीट उघडलं आणि विचारलं, "मॅडम, हे कोनं लिवलं?"

जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी, वर बॉलपेननं थरथरतं अक्षर. हारन. पंखा. बझर. डावा दिवा. पाचव्या वायरीला पट्टी गुंडाळलेली, पण कोरी. पुढच्या सगळ्या नुसत्या निळ्या.

अर्ध्या घंट्याचं काम होतं. ते कशासाठी, एवढं सांगायला काय झालं होतं या माणसाला? आणि मला थांबायला काय झालं होतं?

मिस्त्रीला मी काही उपटू दिलं नाही. दिवसभर त्याच्याजवळ स्टुलावर बसून एकेक वायर लावून बघायला लावली. सापडेल तसं मी पट्टीवर लिहीत गेले. गाडी चालू झाली आणि मी एकटी राजुऱ्याला परत आले. पाचवी पट्टी कोरीच आहे. ती हेडलाइटची वायर, हे आता मला माहीत आहे, हातात पेनही होतं. पण तिथंच मी त्यांना उठवलं होतं.