बाबा तिकडेच राहिले

आई गेली त्यानंतर बाबा एका जागी बसेनासे झाले. सकाळी चहाचा कप घेऊन पुढच्या खोलीत बसत, दोन घोट झाले की गॅलरीत, तिथून जिन्यात. कप कुठल्या तरी पायरीवर थंड झालेला सापडायचा. भोपाळच्या आनंद नगरातलं हे घर आईच्या हौसेचं. सगळा जन्म कारखान्याच्या क्वार्टरमध्ये काढलाय, आता चार भिंती आपल्या हव्यात, असं म्हणून तिने बाबांच्या निवृत्तीआधी ते बांधून घेतलं. पडदे स्वतः शिवले. जेमतेम दोन दिवाळ्या तिथे झाल्या आणि ती गेली. उरलो आम्ही दोघं. मी लग्न केलेलं नाही, गोविंदपुऱ्यात एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात खरेदीचं काम बघते. संध्याकाळी घरी येताना मी फाटकाशीच थांबायचे. बाबा आज कुठल्या खोलीत असतील, आणि आपण काय बोलणार आहोत?

अशातच ऑफिसातल्या मैत्रिणीने एका संस्थेबद्दल सांगितलं. नेपाळच्या डोंगरात भूकंपाने घरं पडलेल्या कुटुंबांना ती घरं बांधून देत होती, आणि हाताखाली काम करायला बाहेरून माणसं येत होती. मी नाव दिलं. परोपकार वगैरे नंतरचं. मला या घरापासून लांब जायचं होतं.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मीही येतो."

"बाबा, तिथे चढ आहे. तुमचा गुडघा..."

"गुडघा इथे बसूनच दुखतो."

गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग बस, मग सीमा, मग पुन्हा बस. सीमा ओलांडल्यावर बाबांनी मनगटावरचं घड्याळ तिकडच्या वेळेप्रमाणे पंधरा मिनिटं पुढे केलं आणि माझंही मागून घेऊन तसंच केलं. किती तरी महिन्यांनी मी त्यांना कशात तरी एवढं लक्ष घालताना पाहिलं.

आम्हाला ज्या कुटुंबाचं घर बांधायचं होतं ते उतारावर पत्र्याच्या खोपटात राहत होतं. सून, तिच्या दोन लहान मुली आणि सासू. नवरा कतारला बांधकामावर मजूर होता. लोकांच्या इमारती तो तिकडे बांधत होता आणि त्याचं घर बांधायला आम्ही भोपाळहून आलो होतो. सून हिंदी छान बोलायची. सासूला सगळे आमा, म्हणजे आई, म्हणत, म्हणून आम्हीही आमा म्हणू लागलो.

काम साधं आणि कंबर मोडणारं होतं. पाया आधीच भरलेला होता. गवंडी भिंत रचायचे, आणि आम्ही देशोदेशीची डझनभर माणसं ओळीने उभं राहून खालच्या रस्त्यावरून मातीचे ठोकळे हातोहात वर पोचवायचो. पहिल्या दिवशी माझे तळहात सोलवटले. बाबांना ओळीत उभं राहवेना. ते कधी पाणी आणायला जात, कधी वाळू चाळायला बसत, कधी गवंड्यांना अवजारं देत. कारखान्यात ते फोरमन होते. रिकामा हात त्यांना सहन होत नसे. पण आताची ही अस्वस्थता निराळी होती. दुपारी सगळे सावलीला आडवे झाले तरी ते भिंतीभोवती फिरत राहायचे.

आमा कधी जवळ यायच्या नाहीत. खोपटाच्या दारात बसून भिंत उंच होताना बघायच्या. बाबा मधूनच त्यांच्याजवळ जाऊन बसत. बाबांची हिंदी भोपाळची, आमांची भाषा नेपाळी, पण दोघांचं बरंच काही चाललेलं असायचं. एकदा मी पाणी द्यायला गेले तेव्हा आमांनी सुनेला काहीतरी विचारायला सांगितलं. सून हसत बाबांना म्हणाली, "आमा पूछ रही हैं, आपके घर में अभी कौन है?"

"कोई नहीं. ताला लगाके आए हैं."

आमांनी ते ऐकलं. मग हातातली मक्याची कणसं सोलायला लागल्या.

आमचे दिवस संपत आले तेव्हा भिंती उभ्या झाल्या होत्या, पण छपराचे पत्रे येईनात. खाली कुठेतरी दरड कोसळून रस्ता ट्रकसाठी बंद झाला होता. निघायच्या सकाळी सगळ्यांनी त्या बिनछपराच्या घरापुढे फोटो काढले. मी पिशव्या बांधल्या. बाबांची पिशवी मात्र तशीच खुंटीला.

"मी थांबतो," ते म्हणाले.

"थांबतो म्हणजे?"

"अर्धवट टाकून कसं यायचं? रजा तुझी संपली, माझी कुठे संपली?"

"बाबा, हे काय आपलं घर आहे का? गवंडी आहेत, संस्थेची माणसं आहेत."

"तू जा. मी येतो पत्रे चढले की."

वाद घालायला वेळ नव्हता, जीप खाली उभी होती. वळणावरून मी मागे पाहिलं तेव्हा ते मला निरोप द्यायला उभेही नव्हते. चाळणी घेऊन वाळूकडे चालले होते.

भोपाळला आले आणि माझी अवस्था बाबांसारखी झाली. कुलूप काढलं, पंखे लावले, आणि कुठे बसावं कळेना. ऑफिसातून निघायला मी उशीर करायला लागले. रायसेन रोडवर भाजी घ्यायला थांबले की गरज नसताना चारचार दुकानं फिरायचे. शेजारच्या काकी रोज फाटकाशी गाठून विचारायच्या, "अंकल कब आएँगे, बेटा?" बस, आते ही होंगे, असं मी सांगायचे. आतून मला भीती वाटायला लागली होती की ते येणारच नाहीत. आजारी पडले तर? आणि आजारी नसताना, मजेत असतानाच आले नाहीत तर? हा दुसरा प्रश्न जास्त बोचायचा.

फोन लागायचा तेव्हा दोन वाक्यांत संपायचा.

"पत्रे आले."

"मग निघता का?"

"अजून दारं बसवायची आहेत."

दारं बसली. मग गिलावा राहिला होता. मग एका संध्याकाळी म्हणाले, "सगळं झालं. सून आणि पोरी आत झोपायला लागल्या. आमा येत नाहीत."

"का?"

"भिंतीची धास्ती. भूकंपात दार अडकलं होतं म्हणे, माणसं आत राहिली. आमांचे यजमान त्यातच गेले. मी दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं करून घेतलं, कडी काढून टाकली. त्या येतात, भिंतीला हात लावतात आणि परत जातात. डर लाग्छ, भीती वाटते, म्हणतात."

मी चिडले. खरं तर एवढ्या आठवड्यांचा राग मी त्या म्हातारीवर काढला. "मग बांधलं कशासाठी? एवढी माणसं कुठून कुठून आली, हात सोलवटून घेतले, आणि त्या खोपटातच राहणार? समजवा ना त्यांना!"

 

"समजवायचं काय त्यात?" बाबा म्हणाले. "घर सुनेला मिळालं, पोरींना मिळालं. आमांना नाही राहवत तिथे, तर नाही राहवत. आम्ही दारासमोरच त्यांच्यासाठी एक छपरी घातलीये, तीन बाजूंनी उघडी. तिथे बसतात. खूश आहेत." मग म्हणाले, "माणसाला घर बांधून देता येतं गं. त्याला तिथे झोप लागेल, ते नाही आपल्या हातात."

फोन ठेवल्यावर मी आमच्या पुढच्या खोलीत तशीच उभी राहिले. ते वाक्य आमांबद्दल होतं, हे मला कळत होतं. तरी मला समोर आईचे पडदे दिसत होते आणि पायऱ्यांवर थंड होणारे बाबांचे कप आठवत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा आले. मी स्टेशनवर घ्यायला गेले. काळवंडले होते, वाळले होते, पण चालण्यात जोर होता. रिक्षात ते सतत बोलत होते, कोणता पत्रा कसा चढवला, मोठी मुलगी शाळेत काय शिकते. आनंद नगरच्या वळणाला आलो आणि ते गप्प झाले.

जेवताना मीच विषय काढला. धीर करून विचारलं, "बाबा, तुम्हाला या घरात राहवत नाही ना?"

त्यांनी घास खाली ठेवला. "तुझ्या आईने एवढ्या हौसेने..."

"आईचं सोडा. तुमचं सांगा."

"नाही राहवत," ते म्हणाले. "प्रत्येक खोलीत ती आत्ताच उठून गेल्यासारखी वाटते. मला वाटायचं, आज ना उद्या जमेल. तुला कसं सांगू? तुझं तर इथेच मन आहे."

माझं मन तिथे होतं का, मला ठाऊक नव्हतं. पण घर बंद करून टाकायची कल्पनाही मला सोसवत नव्हती. आम्ही त्या दिवशी भांडलोही. ते म्हणाले, विकून टाक. मी म्हणाले, आईला जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत. दोघांचं रडून झालं. बाबांना रडताना मी आईच्या अंत्यसंस्काराच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

शेवटी बाबांनी भोपाळातच, इंद्रपुरीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्या गल्लीत कारखान्यातले त्यांचे जुने सोबती राहतात, सकाळी कुणीतरी खालून हाक मारतं आणि बाबा चपला घालून निघतात. नातेवाइकांना हे पटलेलं नाही. नागपूरच्या आत्याने तर फोनवर मला स्पष्ट सुनावलं, "बापाला घराबाहेर काढलंस!" मी तिला समजावण्याचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

मी आनंद नगरातच आहे. आईच्या खोलीतलं कपाट आवरलं, तिथे माझं टेबल लावलं. काही दिवस बरे जातात. काही दिवस मीही खोल्याखोल्यांतून फिरते.

रविवारी डबा घेऊन इंद्रपुरीला जाते. गेल्या रविवारी दाराला कुलूप होतं. समोरच्या बाई म्हणाल्या, "वो तो सुबह से पीछे वाली गली में हैं. किसी के यहाँ छज्जे का काम चल रहा है."

मी डबा त्यांच्या हवाली केला आणि मागच्या गल्लीकडे निघाले.