फ्रीझरवरचा हात

सकाळी प्रयोगशाळेत आल्या की मॅडम आधी डीप फ्रीझरच्या अंगाला तळहात लावायच्या, तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसा. मग मला विचारायच्या, "चालू आहे ना?" नमस्कार त्यानंतर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. यंत्राची चौकशी आधी, माणसांची मागून.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेचं भांडार सांभाळत होते. मॅडम साक्रीकडच्या डोंगरी पाड्यांवरून सिकलसेलचा आजार असलेल्या कुटुंबांचं रक्त तपासायला आणायच्या. एसटीने, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन. एकदा कंडक्टरने विचारलं, "कुल्फी का, मॅडम?" "हो, पण साखर घालायची राहिलीये."

जनुक म्हणजे काय, हे त्यांनी मला माझ्याच कामावरून समजावलं. "तुमची यादी वाचून नाना कपाटातून सामान काढतात ना? पेशीसुद्धा यादी वाचूनच प्रथिन बनवते. एक नोंद चुकली की रक्तातलं प्रथिन बिघडतं आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते."

"मग यादीच दुरुस्त करायची."

"करतील कोणीतरी पुढे. आपण आधी कुठल्या घरात काय चुकलंय ते तरी बघू."

नाना आमचे जुने शिपाई. खंडेनवमीला यंत्रं बंद करायची, पुसायची, हार घालायचा आणि दसरा होईपर्यंत त्यांना आराम द्यायचा, ही त्यांची शिस्त. त्या वर्षी मॅडम पुण्याला गेल्या होत्या. पूजेच्या यंत्रांची यादी मी केली. फ्रीझर त्याच वर्षी आलेला. मी सामानाची नोंदवही उघडली आणि सरळ उतरवत गेले: सूक्ष्मदर्शक, तराजू, ओव्हन, डीप फ्रीझर. नानांनी प्लग काढला. वायर मी गुंडाळली, वर रबर लावलं, कुंकू लावलं. दसऱ्याला जोडून रविवार होता.

सोमवारी दार उघडायच्या आधीच वास आला. ऑक्टोबरचं ऊन, काळा पडलेला झेंडू, फ्रीझरच्या दाराखालून आलेलं तांबूस पाणी. विभागप्रमुख नाकाला रुमाल लावून म्हणाले, "वीज गेली होती, असं लिहून टाका. कोण येतंय विचारायला?"

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, तारखेसकट. त्या वासाची किळस आठवड्यात गेली. या ओळीची अजून गेलेली नाही.

मॅडम आल्या. हात लावला. "चालू होता ना?"

"वीज गेली होती."

त्या खाली वाकल्या. "वीज गेल्यावर वायर इतकी नीट गुंडाळली जाते?"

मग हातमोजे घालून एकेक कुपी स्वतः बाहेर काढली. मला हात लावू दिला नाही.

दिवाळीनंतर त्या पुन्हा रक्त मागायला निघाल्या. मी न विचारता डबा उचलला. साक्रीपासून दोन तास पायवाट. ज्या आबांच्या नातीचं रक्त सगळ्यात आधी घेतलं होतं, ते ओट्यावर बसले होते. नातीची हाडं रात्रंदिवस दुखायची, म्हणून तेव्हा रक्त द्यायला तेच तिला खांद्यावर घेऊन आले होते.

"पोर गयी, बाई," आबा म्हणाले. "पण तिनं रगत शे ना तुमनापाशी?"

नात गेली होती; तिचं रक्त तरी आमच्यापाशी आहे ना, असं विचारत होते. मी मॅडमकडे बघितलं. वीज गेली होती, एवढं म्हणणं सोपं होतं. तशी कागदावर ओळही होती.

"नाही, आबा," मॅडम म्हणाल्या. "आमच्या हातून नासलं. आम्हीच यंत्र बंद केलं होतं."

आबा ओट्यावरून उठले. मग धाकट्या नातवाचा दंड धरून त्याला आत नेलं आणि कडी लावली. पाड्यात दुसरं एकही दार उघडलं नाही. परतीच्या एसटीत बर्फाचं पाणी माझ्या पातळावर गळत राहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. 'आम्ही' म्हणाल्या होत्या त्या. माझं नाव त्यांनी कुठेही, कधीही घेतलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या नोकरी सोडून गेल्या. निरोपाला विभागप्रमुखांनी त्यांच्या चिकाटीवर भाषण केलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

फ्रीझर राहिला. दसऱ्याला स्टाफसाठी श्रीखंड मागवलं, तेव्हा कोणीतरी म्हणालं, तो रिकामाच तर आहे. नाना डबे घेऊन आले, एक पाऊल मागे थांबले.

"ताई, चालू आहे ना?"

मी तळहात लावून बघितला. चालू होता.

श्रीखंड मी खाल्लं नाही.