ओल्या दोरीचा वास

चूक माझीच होती. मल्लखांबाची सुती दोरी पावसात भिजली आणि मी ती तशीच गुंडाळून कपाटात कोंबली. गणपतीच्या सुट्टीनंतर शमाने ती हुंगली. "सर, कुबट वास येतोय. मी नाही चढणार."

"घाबरलीस म्हण की!" मी सगळ्या मुलींदेखत बोललो.

तिने पीळ उलगडून दाखवला. आतले धागे काळे पडले होते, बोटाने तुटत होते.

आज नवी दोरी भिजली, तेव्हा शमाने ती व्हरांड्यात सावलीला सैल टांगली. वाऱ्यावर ती हळूहळू हलतेय. जीव सोपवण्याआधी दोरी हुंगून बघणारी मुलगी माझ्याकडे शिकते, या अभिमानाने ऊर भरून आला.

मग सगळ्या मुलींसमोरच म्हणालो, "शमा, तू घाबरली नव्हतीस. माझं चुकलं. माफ कर."