कुंकवाबरोबर गेलेली अक्षरं

कसब्यातले महिपतराव वडके रेडिओचा व्हॉल्व्ह दुरून ओळखतात, असा त्यांचा लौकिक होता. तो पसरवला होता त्यांनीच. ट्रान्झिस्टर आले आणि हे बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह भंगारवालाही घेईना, तेव्हा महिपतरावांनी ते डबे भरभरून साठवले. हुशारीने नव्हे, टाकवत नाही म्हणून. पुढे दोन हजार तीनच्या सुमारास हिंजवडीचे कॉम्प्युटरवाले व्हॉल्व्हच्या रेडिओचा जुना गोड आवाज हुडकत त्यांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात येऊ लागले आणि महिपतराव एकदम तज्ज्ञ झाले.

त्यांतल्या अनिरुद्धला त्यांनी छातीठोक सांगितलं, "डच कारखान्याच्या व्हॉल्व्हचा अस्सल जोड देतो. न निघाला तर उद्यापासून इस्त्रीचं दुकान टाकतो."

मधे आली खंडेनवमी. हत्यारांबरोबर व्हॉल्व्हचीही पूजा व्हायची. नंतर महिपतराव ते कोरड्या ब्रशने झटकायचे आणि बायको, चंद्रभागाबाई, ते कारखान्यावार वेगळ्या डब्यांत भरायच्या. यंदा महिपतरावांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून पुसायचं कामही बाईंकडे गेलं. कुंकू निघेना, तसा त्यांनी ओला फडका फिरवला. कुंकू गेलं. काचेवर छापलेली अक्षरंही गेली.

"अगं, नावं गेली की सगळ्यांची!"

"मग? तुम्ही दुरून ओळखता ना?"

चाळीस वर्षं आपण फक्त छापलेलं वाचत होतो, हे महिपतरावांना त्या क्षणी कळलं. आणि दारात अनिरुद्ध चपला काढत होता.

त्यांनी घसा खाकरून दोन व्हॉल्व्ह उचलले. "हा घ्या तुमचा जोड."

"तो डावीकडचा नव्हे," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तो बंगलोरच्या कारखान्यातला."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून आत बघूनच डबा ठरवते मी दरवर्षी. डचांच्या माथ्याशी तारेचं गोल कडं असतं. ह्याचं चौकोनी आहे, बघा." आणि त्यांनी ढिगातून गोल कड्याचा दुसरा काढून दिला.

अनिरुद्धने खिशातून भिंग काढलं. "काका, बुडाशी काचेत बारीक खूण कोरलेली असते. ती पुसली जात नाही."

ही खूण महिपतरावांनी जन्मात पाहिली नव्हती.

"काकूंनी जुळवलेल्या जोडातल्या दोन्हींवर डच कारखान्याचा त्रिकोण आहे," अनिरुद्ध म्हणाला. "तुम्ही दिलेल्या डावीकडच्यावर नाही."

"तेच म्हणत होतो मी," महिपतराव म्हणाले. "मुद्दाम हिची परीक्षा घेतली."

अनिरुद्धने स्टूल बाईंच्या बाजूला ओढलं आणि पिशवीतून आणखी चार व्हॉल्व्ह काढले. "काकू, हेही बघता का जरा?"

"बघते की. अहो, दोन कप चहा टाका."

महिपतराव उठले. त्यांनी तीन टाकले.